कडू घासावर टॉकीज हसली

आज दुपारी नातीसोबत अमरावतीले पिच्चर पाहाले गेली होती. घरी आली तरी डोकं तापूनच आहे, म्हणून लिहून राहिली.

पिच्चरमधी एका बाईचा नवरा मरते. शेजारीण भाकर-पिठलं घेऊन येते अन् म्हणते, "खाय वं माय, कडू घास हाय." तिची वऱ्हाडी ऐकून अख्खी टॉकीज खिदळली. पुण्याले शिकणारी माही नातही!

वरून मलेच विचारते, "आजी, कडू घास म्हणजे काय वं?"

म्हटलं, "मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे रांधून आणतात, बळंच दोन घास चारतात. तुहा आजा गेला तवा बाजूच्या शांताबाईनं मले असंच चारलं. तवा कोणी हसलं नव्हतं."

"पण ती बोलते किती फनी!"

"मी कशी बोलतो मंग?"

पोट्टीनं मोबाईल काढला.

पिच्चरवाले वऱ्हाडी माणूस हसवालेच आणतात; त्याच्या तोंडी रडणं शोभत नाही काय? उद्या मी मेल्यावर शेजारीण भाकर घेऊन आमच्या दारात येईन, अन् याच बोलीत बोलन. तवा ही पोट्टी हसन काय?

तुमच्या घरचे पोट्टे हसले असते का नाही, खरं सांगा.