आधी साचे, मग घागरी

मित्रहो, आज भंडाऱ्यात पितळी भांडी घडवणाऱ्या कारागिरांसोबत आम्ही पुराची रंगीत तालीम केली. "वैनगंगेचं पाणी आलं!" अशी हाक देताच सगळे चकचकीत घागरी उचलू लागले.

मी त्यांना थांबवले: आधी साचे उचला. पितळ धुतले की पुन्हा चमकते. लाकडी साचा मात्र भिजला की फुगतो, आणि साच्याविना नवी घागर घडत नाही.

"पाणी येऊनच नाही राहिलं, तं कायले धावता?" रामाजी कारागीर हसले.

शेजारी भट्टी चालवणाऱ्या सुशीलाबाई साचे माळ्यावर चढवत म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या पुरात तुमच्या घागरी वाचल्या, पण साचे भिजले अन् धंदा बुडाला. आता नदीले म्हणा, ने घागरी. माही भट्टी पुन्हा पेटनच!"

तुमच्या कामातला साचा कोणता? तो आज माळ्यावर आहे की जमिनीवर?