डेन्मार्कच्या राजाचं सुतक

कुठलंही जुनं पुस्तक हाती आलं की ताई ते आधी नाकाशी न्यायच्या. डोळे मिटून. मग म्हणायच्या, "आधी वास, मग अभ्यास." गव्हाची खळ शिजवून जुनी फाटकी पानं जोडणं हे त्यांचं काम. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, ज्याच्या लकबीची आपण पाठीमागे नक्कल करतो आणि समोर गप्प बसतो.

कतारमधल्या लुसैल शहरात एका संग्राहकाच्या खासगी ग्रंथालयात आम्ही दोघंच मराठी. मी व्यवस्थापक, ताई नाशिकच्या, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या. मालकांनी आखाताच्या एका नकाशासाठी लिलावात अख्खी पेटी घेतली, आणि तिच्या तळाशी डेन्मार्कचा राजा निघाला. म्हणजे त्याच्या अंत्यविधीचं प्रवचन, छपाई नवी नवी होती त्या काळात छापलेलं. अशा प्रती फार उरलेल्या नाहीत असं कळल्यावर मालक नकाशा विसरलेच.

"हे इथे मोठ्यानं वाचू नका हं साहेब," ताईंनी बजावलं. "मयताच्या दिवसांतली पोथी कुणी गेल्याशिवाय घरात उघडत नाहीत आमच्याकडे."

"अहो, ख्रिस्ती राजा आहे तो."

"मेलाय ना? मग झालं तर!"

पण जीव लावला तो त्यांनीच. "राजांची आज अंघोळ," म्हणत मळ निघावा म्हणून एकेक पान पाण्यात सोडायच्या.

त्या दिवशी पानं ओलीच होती. ओलं पान टिपकागदात ठेवून कागद बदलत राहावं लागतं. मध्येच सोडलं तर ते आक्रसतं, डाग धरतं. आणि दुसऱ्या दिवशी मालक पाहुण्यांना राजे दाखवणार होते. दुरुस्तीच्या खोलीत फोन चालत नाही, ताईंचा बाहेर लॉकरमध्ये. म्हणून दुपारी त्यांच्या भावानं मला फोन केला.

"आमच्या वडिलांचं, अण्णांचं काही खरं नाही. शुद्धीवर आहेत, ताईशी बोलायचंय म्हणतात. जरा बोलवता का तिला?"

मी काचेतून पाहिलं. ताई वाकून टिपकागद बदलत होत्या. त्या बोलल्या की निघणार, आणि पानं तशीच राहणार. "कामात आहेत, सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. आज लपवत नाही. मी तेव्हा अण्णांचा विचारच केला नाही. पानांचा केला.

संध्याकाळी पानं सुकली तेव्हा आत जाऊन म्हटलं, "ताई, आत्ताच घरून फोन आला होता." 'आत्ताच' मी मुद्दाम म्हणालो. त्यांनी लॉकर उघडून भावाला फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकलं. अण्णा गेले होते.

पहाटेचं विमान मिळालं. "चला, घरी सोडतो," मी म्हटलं.

"थांबा." त्यांनी राजांची पानं पुढे ओढली. "आता वाचायला हरकत नाही."

ती काटेरी अक्षरं, ती भाषा, दोघांनाही परकी. तरी ओळींवरून बोट धरत, वाट्टेल तसे उच्चार करत, नाशिकच्या हेलात त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत. मी दाराशी उभा. ती खोली रिकामी असली की तो हेल मला अजून ऐकू येतो. मला दाराशी थांबलेला पाहून नवीन मुलं विचारतात, सर, आत कुणी आहे का? मी म्हणतो, एसी आहे.

तेराव्यानंतर त्या परत आल्या. काम पुरं केलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. करार संपला तेव्हा विमानतळावर सोडायला गेलो. बॅग उतरवून घेताना म्हणाल्या, "साहेब, भावानं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मला. दुपारी तुमच्याशी बोलला होता तो."

मी बॅग ट्रॉलीवर ठेवली.

"तुमच्या आई आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग बोलत जा त्यांच्याशी."

आणि आत गेल्या. पुढे माझे फोन त्यांनी घेतले नाहीत. का घ्यावेत?

मी आईशी बोलतो, सकाळी आणि संध्याकाळी. साताऱ्याला ती बिचारी धास्तावते. "अरे, सारखा काय फोन करतोस? मी धडधाकट आहे. तुझंच काही झालंय का?"

"कुठं काय," म्हणतो, आणि तिनं ठेवू नये म्हणून विचारतो, आज भाजी कसली केलीस.