आरतीतला दम

आरत्यांच्या शेवटी देवाला एक हाक मारायची असते आणि ती जमेल तितकी लांबवायची असते, हे कुणी कुणाला शिकवत नाही. एकेकाचा दम संपतो, आवाज गळत जातात आणि शेवटी एकच उरतो. आमच्या वर्तकनगरच्या घरी तो उरलेला आवाज बाबांचा असायचा. समोरच्या बिल्डिंगमधले काका दरवर्षी हिरिरीने यायचे आणि दरवर्षी खोकत माघार घ्यायचे. मग बाबा डोळे उघडून, काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा टाळ्या वाजवायला लागायचे. इतका माज मी दुसऱ्या कुणाचा चालवून घेतला नसता.

बाबा जन्मभर सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. घरात आम्ही त्याला नुसतं 'कंपनी' म्हणायचो. पत्रे कापायचं काम. नाकाला रुमाल बांधायचा आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच रुमालाने तोंड पुसायचं. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि आम्ही त्यांना 'आजोबा आले' म्हणून चिडवायचो. त्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस होतं, हे ते रिटायर होऊन कितीतरी वर्षांनी, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा कळलं.

फुप्फुसांच्या तपासणीसाठी त्यांना माजिवड्याला न्यायचं होतं, म्हणून मी रजा टाकून डोंबिवलीहून आले. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. मशीनवरची मुलगी समजावत होती, "काका, पूर्ण श्वास भरून घ्या आणि एकदम जोरात सोडा. मी थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचं."

बाबांनी मला डोळा मारला. "हिला सांग, आपण कोण आहोत ते."

मग त्यांनी फुंकलं. ती ओरडत होती, "अजून, काका, अजून, सोडू नका!" आणि बाबांकडे अजून काही नव्हतंच. खोकल्याची उबळ आली. तिने पाणी दिलं, पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. त्या सगळ्यात त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आखडली आहेत, हवा भरायला जागाच कमी झाली आहे. गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळायचं. रिक्षात बाबा एवढंच बोलले, "गणपतीत काय करायचं गं?" मला भयंकर राग आला आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. कंपनी कधीच पाडून झाली, तिथे आता टॉवर आहेत.

आमचा गणपती दीड दिवसाचा. आरतीचं बोलावणं करताना आई त्या वर्षी प्रत्येकाला हळूच सांगून आली, की सूर लांबवू नका, ह्यांच्या आधी थांबा. संध्याकाळी ती हाक आली. बाबांनी छाती भरली आणि सगळे चोरासारखे पटापट गप्प झाले. समोरच्या काकांनी तर तोंडच उघडलं नाही. बाबांचा आवाज क्षणभर एकटा राहिला आणि तुटला. दम खात ते खुर्चीत बसले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "काय रे, तुम्ही सगळे पण कंपनीत होतात काय?"

आई प्रसाद आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या आरतीला बाबा उठलेच नाहीत. मला खुर्चीजवळ बोलावून म्हणाले, "आज मी नाही. तू लांबव. आणि माझ्यासाठी मध्येच थांबलीस तर बघ."

मी तो सूर कधी धरला नव्हता. आमच्याकडे ती पुरुषांची हौस. पण धरला. काका त्या दिवशी मनापासून भिडले, मग तेही गळाले. मी एकटी उरले. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तरी मला तो सोडवेना, कारण मी सोडला की घरातला तो सूर संपणार होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं तोंड माझ्याबरोबर उघडं होतं, आवाज नव्हता.

शेवटी माझा श्वास संपला. बाबांनी डोळे उघडले.

"हां," ते म्हणाले. "एवढा होता माझा."