ओवोनाची थुंकी आणि लोबेची

मला माकडं आवडत नाहीत. चिंपांझींच्या आश्रमात इतकी वर्षं पपया कापून आणि कांजी शिजवून पोट भरते, तरी सांगते, नाही आवडत. त्यांच्या अंगाचा वास साबणानं जात नाही. आणि तो म्हातारा बोको! कुणावर रुसला की तोंडात पाणी भरून जाळीपाशी वाट बघत बसतो, आणि माणूस टप्प्यात आलं की थेट तोंडावर फवारा. शी! आंघोळ करून आलेली मी, परत आंघोळीला.

बिलोआ नुसती हसायची. "क्लोतिल्ड, काल तू त्याचं केळं विसरलीस. परक्यावर नाही रुसत तो."

"मग मला परकी करा गं बाई!"

बिलोआ आमच्याकडे पोरकी पिल्लं वाढवायची. शिकारी आईला मारून तिचं मांस विकतात आणि तिच्या अंगाला चिकटलेलं पिल्लू दोरी बांधून बाजारात आणतात. लोबे तशीच आली. एवढीशी, कमरेला दोरीची जखम आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. मी मागच्या दारी जाऊन भडाभडा ओकले. बिलोआनं एकेक अळी चिमट्यानं काढली, लोबेला कापडानं पोटाशी बांधलं, आणि त्या दिवसापासून ते पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हातून दुधाचा थेंब घेईना.

गावात बिलोआला 'माकडांची आई' म्हणायचे, तेही तोंडावर. कारण तिला स्वतःचं मूल नव्हतं. आमच्याकडे वडीलधारं माणूस मिरीसारखे तिखट दाणे चावतं आणि ती थुंकी सुनेच्या, पोराच्या कपाळावर उडवतं. तो आशीर्वाद. तो नसेल तर कूस उजवत नाही, असं लहानथोर सगळे धरून चालतात. बिलोआच्या लग्नात तिच्या नवऱ्याचा चुलता ओवोना यानं ती थुंकी द्यायचं नाकारलं. का, तर हिच्या माहेरच्यांनी दारू कमी पाजली! पुढं कितीदा तिनं 'ता, ता', म्हणजे बाबा-बाबा करत त्याच्यापुढं गुडघे टेकले. हा दात कोरत दुसरीकडं बघायचा. शेवटी नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला घराबाहेर काढलं. तोच ओवोना आता गावप्रमुख. त्याचं नाव घेतलं तरी माझ्या तोंडाची चव जाते.

आश्रम चालवणाऱ्या आमच्या त्सांगासाहेबांना नव्या आवारासाठी गावाची जमीन हवी होती. म्हणून त्यांना शक्कल सुचली, की ओवोनाला बोलावून लोबेला आशीर्वाद द्यायला लावायचा, फोटो काढायचे, म्हातारा खूश.

"साहेब, त्यांना सर्दी झालीय," बिलोआ म्हणाली. "रविवारी चर्चभर शिंकत होते. आपल्या सर्दीनं पिल्लू दगावतं, तुम्हीच फाटकावर पाटी लावलीय."

"मास्क घालतील ना."

"मास्क घालून थुंकणार कसे?"

साहेब फोटोवाल्याला फोन लावत निघून गेले. शिकलेला माणूस, पण वडीलधाऱ्याची थुंकी बाधेल हे त्याच्याही डोक्यात शिरेना. आशीर्वाद कधी बाधतो का!

ओवोना आला तो भरजरी झग्यात, मागं निम्मं गाव. मास्क हनुवटीखाली. नाक वाहत होतं, ते झग्याच्या बाहीला पुसत होता. दाणे चावून चावून ओठांच्या कोपऱ्यात तपकिरी फेस आलेला.

"आण ते पोर इकडं," तो बिलोआला म्हणाला.

बिलोआ दोन पावलं पुढं गेली. त्यानं गाल फुगवले. त्याच क्षणी तिनं लोबेला कापडाखाली दडपलं, श्वास रोखला आणि स्वतःचा चेहरा पुढं केला. सगळी थुंकी तिच्या तोंडावर. पापण्यांना दाण्यांचा चोथा चिकटलेला.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"ती तुझ्यासाठी नव्हती," ओवोना गुरगुरला.

"माहितेय, ता. माझ्यासाठी कधीच नव्हती."

मान वळवूनच तिनं कापडाची गाठ सोडली, लोबेला माझ्या अंगावर टाकलं आणि नळावर गेली. सगळ्या गावादेखत तिनं साबण लावून तोंड घासलं. एकदा घासलं, परत घासलं. वडीलधाऱ्याचा आशीर्वाद साबणानं धुणारी बाई आमच्या गावानं तोवर पाहिली नव्हती. बायकांनी तोंडावर हात ठेवले. ओवोना चालता झाला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, मान गेला, बकरी पाठवा. साहेबांनी बकरी पाठवली, त्यानं ती खाल्ली आणि जमीन दिली. एवढासा तो मान, थू!

व्हायचं तेच झालं. बिलोआ शिंकायला लागली, मग खोकायला. खोकला पुरता जाईपर्यंत तिला फाटकाच्या आत यायची बंदी. आणि लोबे दूध घेईना. बाटली तोंडाशी नेली की मान फिरवायची आणि फाटकाकडं बघत किंचाळायची. हळूहळू किंचाळणंही बंद झालं. डोळे खोल गेले.

"माझं जुनं कापड खोलीत टांगलंय," बिलोआनं रस्त्यावरून ओरडून सांगितलं. "आजाराआधीचं आहे. ते तुझ्या अंगाला गुंडाळ. धुऊ नकोस हं, क्लोतिल्ड!"

ते कापड! आंबलेलं दूध आणि माकडाचा मूत, महिनोन्‌महिने मुरलेला. नाक दाबून गुंडाळलं. बिलोआ रस्त्यापलीकडच्या झाडामागं दडली आणि तिथून चिंपांझींची हाक घालत राहिली, "हू, हू, हू." लोबेनं कान टवकारले, माझ्या छातीवरचं कापड हुंगलं, आणि बाटली तोंडात धरली. पोटभर प्यायली आणि माझ्या मांडीवर सगळं पातळ करून ठेवलं. मी रडत होते की शिव्या देत होते, मला आठवत नाही. रोज असंच चाललं.

खोकला गेला तशी बिलोआ आत आली. लोबे माझ्या मांडीवर दूध पीत होती. बिलोआनं हात पसरले.

लोबे हलली नाही. तिच्याकडं टक लावून बघत राहिली. बिलोआचे हात तसेच पसरलेले, चेहरा उतरलेला. मग त्या कार्टीनं दोन्ही गाल फुगवले आणि तोंडातलं सगळं दूध बिलोआच्या तोंडावर उडवलं, बोकोसारखं, नेम धरून. आणि उडी मारून तिच्या गळ्याला अशी चिकटली की सोडवता सुटेना.

"शी, शी, शी!" मी फडकं पुढं केलं. "पूस आधी ते!"

बिलोआच्या कपाळावरून दूध ओघळून डोळ्यांत जात होतं. तिनं माझा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "ही माझ्यासाठीच होती."