स्वच्छ रेकॉर्डिंग
लेकीनं विचारलं, "बाबा, ऐंशीच्या दशकातला तुमचा सगळ्यात आवडता पोस्ट-पंक अल्बम कुठला?" हल्ली उठायचंही जिवावर येतं, तरी कपाटातून जुनी कॅसेट काढली. डबी उघडली आणि निपाणीच्या तंबाखूचा वास आला.

आई तेव्हा तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. हिंडलग्याच्या मित्राचा भाऊ बोटीवर होता. त्यानं आणलेला हा अल्बम मी एका टेपवर वाजवून समोर ठेवलेल्या दुसऱ्या टेपवर भरून घेत होतो. घरातला बारीक आवाजही त्यात यायचा.

"आई, बाजू संपूस्तर खोकू नगं. समदं टेपात येतंय."

"न्हाय खोकत रं. तू भर तुझी गाणी."

दिवसभराची धूळ छातीत घेऊन ती पदर तोंडात कोंबून बसली. गिटार कोरडं, उदास वाजत होतं. तिचे खांदे हलताना दिसत होते, पण मी टेपची चाकंच बघत राहिलो. बटण खटकन वर आलं तशी ती परसात पळाली.

आज दोन गाण्यांमधल्या शांततेत कान लावून बसलो. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच भरून ठेवलेला नाही.

रेकॉर्डिंग मात्र अगदी स्वच्छ झालंय.