कडूबा ही भाजी आहे

जळगाव जामोदजवळच्या एका खेड्यात जयमाला बी.एस्सी. होऊन सून म्हणून आली, तेव्हा सासरी तिला आधी दोडक्याच्या मांडवात जुंपलं. पुढे पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं आणि तिच्या विद्येचं चीज झालं. कंपनीचं यंत्र दिवसरात्र इंटरनेट वाचायचं आणि त्यातून जगाची माहिती शिकायचं. काय शिकलं, ते एकेका ओळीनं तिच्या लॅपटॉपवर यायचं. तिनं फक्त 'बरोबर' नाहीतर 'चूक' दाबायचं. मुंबई हे शहर आहे: बरोबर. दिवाळी ही नदी आहे: चूक. सुरुवातीला तिला हसू यायचं, मग सवय झाली.

एका सकाळी ओळ आली: 'कडूबा ही भाजी आहे. खात्री ९४ टक्के.'

कडूबा म्हणजे तिचे सासरे. ते तिथंच ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते.

तिनं पुरावा उघडला. बातम्यांच्या साइटवर आठवडी बाजाराचा फोटो, खाली मजकूर: 'बाजारात कारली, दोडकी आणि कडूबा.' बातमीदारानं विकणाऱ्याचं नाव कौतुकानं घातलं होतं. आणखी सहा साइटींनी तो मजकूर जसाच्या तसा उचलला होता. सात जण सांगतात ते खोटं कसं असेल, असं यंत्राला वाटलं.

जयमालानं 'चूक' दाबलं. तीच ओळ तपासणाऱ्या बाकी दोन तपासनिसांनी 'बरोबर' दाबलेलं. दुपारी कंपनीतून तिचे वरिष्ठ शेखर सर यांचा फोन आला.

"मॅडम, तुमची अचूकता घसरतेय. कडूबा भाजी नाही, याला आधार काय?"

"सर, ते माझे सासरे आहेत."

"तसं नको. एखादी लिंक आहे का?"

"लिंक नाही. ते इथंच बसलेत. फोन देऊ का?"

"वैयक्तिक माहिती ग्राह्य नाही, मॅडम," सर म्हणाले, आणि त्यांनी तिला भाजीपाल्याच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं.

शिकवणाऱ्या पुष्पांजली मॅडमनी घोसाळ्याचा फोटो दाखवून दोडका समजावला. जयमालानं तेच वहीत उतरवून घेतलं. शेवटी परीक्षा होती. चौथा प्रश्न: कडूबा म्हणजे काय? तिनं एकदा ओसरीकडे पाहिलं आणि 'भाजी' दाबलं. शंभरपैकी शंभर मिळाले.

जेवताना ती म्हणाली, "मामाजी, कंपनीनं तुमाले भाजी केलं."

"मले इचारलं काऊन नाही त्यायनं?"

"तुमची लिंक नाही ना."

म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "कोन्ती भाजी मने? पाल्याची का येलाची?"

"थे नाही लिहिलं."

"येलाची लिहाले सांग बाई. पाल्याची सांजंलोक सुकते."

दोन महिन्यांनी तिला उत्कृष्ट तपासनिसाचं प्रमाणपत्र आलं. ते ओसरीच्या भिंतीवर लागलं. आता ओळ आली, की ती खरंखोटं बघत बसत नाही. बाकीचे दोघं काय दाबतील, तेवढं ताडते. परवा लोणार सरोवराचं पाणी गोड असल्याची ओळ आली. तिनं 'बरोबर' दाबलं आणि कुकर बंद करायला उठली.