अकराव्या पायरीवरचा दगड

सुशीलाबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या हडपसरच्या सोसायटीतले लोक म्हणायचे. ते साफ खोटं होतं. कारण दर वेळी असायचं आणि बहुतेक वेळा ते सोसायटीतले लोकच असायचे. पण त्या रविवारी सकाळी मोबाइलवर स्वतःचाच रेडिओ कार्यक्रम ऐकताना त्यांना जो राग आला, त्यापुढं आधीचे सगळे राग म्हणजे नुसती कुरकुर होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रम चौदाव्या मिनिटाला संपला. पुढं केसांच्या तेलाची जाहिरात लागली.

बाई मूळच्या रेडिओच्या नव्हेत. चौतीस वर्षं त्या सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचा, हे त्यांचं काम. हात थरथरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात काढणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं, मंजूर करणाऱ्याचं नाव. ट्रेसरची फक्त आद्याक्षरं, तीही अगदी तळाला, आणि प्रती कापताना कात्री नेमकी तिथूनच फिरायची. जिल्ह्यातले कितीतरी पूल आणि दवाखाने बाईंच्या हाताखालून गेले. त्यांचं नाव एकाही कागदावर धड उरलं नाही. निवृत्त होताना साहेबांनी भाषणात त्यांचा उल्लेख ‘आमच्या शोभाताई’ असा केला. बाईंनी नारळ घेतला आणि शालीकडं ढुंकूनही न पाहता घरी आल्या.

वाघोलीकडच्या एका कॉलेजनं छोटंसं रेडिओ केंद्र काढलं, तेव्हा जुन्या इमारतींवर बोलणारं माणूस हवंय असं त्यांच्या कानावर आलं. बाई गेल्या. कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘कान देऊन बघा’. आता रेडिओवर इमारत दाखवायची कशी? बाईंनी आपली युक्ती काढली. त्या ऐकणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवायच्या आणि घरातल्या मापांनी इमारत चढवायच्या. कमान किती उंच? तीन नऊवारी टोकाला टोक जोडून टांगा, तेवढी. भिंत किती जाड? आडवे झोपा, डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या. लोक घरी बसून चित्रं काढायचे आणि बाईंना पाठवायचे. बाई प्रत्येक चित्र तपासून लाल शाईत शेरा मारायच्या. ‘खांब छान. छप्पर कुठं उडालं?’

दोन भागांनंतर श्रोत्यांचे फोन आले. बाई, माहिती उत्तम, पण झोप लागते. तेव्हा तिसऱ्या भागात विसोबा जन्माला आला. विसोबा म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला बांधकाम खात्यातला कारकून. पोट पुढं, पगडी मागं, दुपारी दोन ते चार गाढ झोप. इमारतीत जे जे काही विचित्र, ते ते विसोबाच्या पराक्रमानं झालेलं. खिडकी तिरकी का, तर विसोबानं नकाशा पानदानाखाली ठेवला होता. असला इसम इतिहासात कधी नव्हताच. बाईंनी आपल्या चार साहेबांची हाडं मोडून हा एक घडवला होता. लोक पोट धरधरून हसू लागले.

पण बाईंचा एक कडक नियम होता. चौदाव्या मिनिटाला त्या देवघरातली पितळी घंटा वाजवायच्या आणि सांगायच्या, “खोटं संपलं. पेन्सिली घ्या.” पुढचा भाग सगळा खरा. कुणी बांधलं, कसं बांधलं, दगड कुठून आला, कुणाच्या हातानं बसला. कार्यक्रम त्यासाठीच होता. विसोबा म्हणजे कडू औषधाआधी जिभेवर ठेवायचा गूळ.

तर त्या रविवारी घंटेपासून पुढचं सगळं कापलं गेलं होतं. बाईंनी निर्मात्याला फोन लावला. निर्माता दिग्विजय, वय वर्षं अठ्ठावीस.

“अरे, माझा अर्धा कार्यक्रम कुठं गेला?”

“मॅडम, ॲक्चुअली ना, ग्राफ बघितला मी. घंटा वाजली की लोक ड्रॉप होतात. सो आपण फक्त विसोबा ठेवला. आणि मॅडम, क्रेझी रिस्पॉन्स आहे! काल टाकलेलं रील दोन लाखांवर गेलंय.”

“आणि बुढनभाई? अमिनाबी?”

“ते... सेकंड हाफमध्ये होते ना.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. का, ते सांगायला हवं.

त्या भागातली इमारत म्हणजे पूर्वेकडच्या एका पेठेतलं जुनं वाचनालय. त्यात सत्तावीस पायऱ्यांचा दगडी जिना आहे. पायऱ्या एका बाजूनं भिंतीत रुतलेल्या, दुसऱ्या बाजूला आधार म्हणून काही नाही. अकरावी पायरी इतरांपेक्षा रुंद आहे आणि तिथं भिंतीतून डोक्याच्या उंचीला एक सपाट दगड पुढं आलाय. हा दगड कशाला, हे वाचनालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई महिनाभर विचारत हिंडल्या आणि शेवटी दादामियाँपर्यंत पोचल्या.

दादामियाँ ऐंशी वर्षांचे, चुन्याचं काम जाणणारे शहरातले उरलेसुरले गवंडी. जिना त्यांच्या आजोबांनी, बुढनभाईंनी बांधला. आजी अमिनाबी त्याच कामावर चुन्याची घमेली वाहायची. तिला आठवा महिना होता, पोटात दादामियाँचे वडील. भरलं घमेलं एकदा खाली ठेवलं की वाकून पुन्हा डोक्यावर घेणं तिला जमेना. म्हणून बुढनभाईंनी एक पायरी रुंद घेतली आणि हा दगड बसवला. उभ्या उभ्या घमेलं डोक्यावरून दगडावर सरकवायचं, दहा श्वास घ्यायचे, पुन्हा डोक्यावर घ्यायचं. काम संपल्यावर दगड काढायला सांगितलं होतं. बुढनभाईंनी तो काढला नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याला ‘दादीचा दगड’ म्हणतात.

हे सांगून दादामियाँनी बाईंना एवढंच विचारलं होतं, “नाव घेणार ना बाई त्यांचं?” आणि बाई म्हणाल्या होत्या, “माझा शब्द आहे.”

आणि आता दोन लाख लोकांना ठाऊक झालं होतं की विसोबाचं पोट जिन्यात अडकलं म्हणून पायरी रुंद केली आणि त्याचा लाडवांचा डबा ठेवायला भिंतीत दगड बसवला.

पुढच्या चार दिवसांत पोरंपोरी वाचनालयात येऊन त्या पायरीवर पोट फुगवून फोटो काढू लागली. वाचनालयाचे चिटणीस हिंमतराव एवढे हरखले की त्यांनी संगमरवरी पाटी खोदायला टाकली. ‘विसोबाचा दगड’. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाईंचा फोन वाजला.

“मॅडम, मी नाजिमा, दादामियाँची नात. ऑफिसमध्ये सगळे ते रील बघून हसत होते. मीसुद्धा हसले, मॅडम. मग जिना ओळखला. दादाजान दोन दिवस नीट जेवले नाहीत.”

बाई तशाच रिक्षा करून निघाल्या. वाटेत त्यांनी दिग्विजयला, त्याच्या ग्राफला, हिंमतरावांना आणि या शहरातल्या तमाम हसऱ्या मंडळींना मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की त्या रेडिओवर गेल्या असत्या तर केंद्राला टाळं लागलं असतं. दादामियाँसमोर बसून त्यांनी सगळा पाढा वाचला. त्या पोरानं कापलं. मी सगळं सांगितलं होतं, नावासकट, बारा मिनिटं. घंटेच्या पुढचं त्यानं उडवलं.

दादामियाँनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आणि बाई, घंटेच्या आधीचं कुणी लिहिलं?”

लाडवांचा डबा बाईंनीच लिहिला होता. लिहिताना स्वतःशीच खुदकन हसल्या होत्या. अमिनाबीचा दगड त्यांनी विसोबाला उसना दिला होता, चौदा मिनिटांत परत घेऊ अशा भरवशावर. चौतीस वर्षं नाव कापलं गेलं म्हणून जी बाई आयुष्यभर धुमसली, तिनंच दुसरीचं नाव विदूषकाच्या पगडीखाली सारलं होतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ. चावायचं कुणाला? चहा न घेताच त्या उठल्या. दादामियाँनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्विजयला सांगितलं, “पाटी बसवायचा कार्यक्रम जिन्यावरून थेट प्रक्षेपित करायचा. लाइव्ह. तुझी कात्री घरी ठेव.” पोरगं खूश झालं. त्याला वाटलं, विसोबा लाइव्ह!

रविवारी दहा वाजता वाचनालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाटी बसवायला खाली चुना-वाळू कालवून ठेवली होती, शेजारी घमेलं, फावडं. पाटीवर मखमलीचा तुकडा. दादामियाँ नाजिमाचा हात धरून एका कोपऱ्यात उभे होते. बाईंनीच गाडी पाठवून आणवलं होतं. ते आले, पण बाईंशी बोलले नाहीत.

बाई जिन्यावर माइकपाशी आल्या. “आज विसोबा नाही,” त्या म्हणाल्या. लोक हसले. “विसोबा कधी नव्हताच. तो मी रचला.” लोक आणखी हसले. बाईंनी आवाज चढवला. “हा दगड बुढनभाई गवंड्यांनी बसवला. त्यांची बायको अमिनाबी आठव्या महिन्यात डोक्यावरून चुना वाहत होती, तिच्यासाठी.” आणि ‘आठव्या महिन्यात’ला हशा पिकला. माणसं डोळे मिचकावत होती, गंमत आता येईल, मग येईल म्हणून वाट पाहत होती. मागून कुणीतरी ओरडलं, “अन् पोट मात्र विसोबाचं!” सगळा जिना दणाणून गेला.

बाईंनी कोपऱ्याकडं पाहिलं. दादामियाँ खाली बघत होते. नाजिमा त्यांना दाराकडं वळवत होती.

दोष लोकांचा नव्हता. बाईंनीच त्यांना वर्षभर शिकवलं होतं, माझा आवाज आला की हसायचं. ही शिकवण आता शब्दांनी पुसली जाणार नव्हती. बाईंनी रागानं ओठ चावला आणि जिना उतरून खाली आल्या.

“दादामियाँ, थांबा. घमेलं भरा.”

हिंमतराव लगबगीनं पुढं आले. “अहो बाई, हे काय? पाटीला एवढा चुना लागत नाही.”

“पाटी लागणार नाहीये. मागची बाजू कोरी आहे, नवं नाव तिथं खोदून घ्या.” मग दिग्विजयकडं वळून, “तू माइक माझ्या तोंडापाशी धर. आणि मी सांगेपर्यंत बंद केलास तर बघ.”

“मॅडम, तुमचे गुडघे... प्लीज, पडाल.”

“धर म्हटलं ना.”

दादामियाँ वळले. नाजिमाचा हात सोडून ते आले आणि फावडं घेतलं. बाईंना वाटलं, वय बघून म्हातारा हात आखडता घेईल. दादामियाँनी एक फावडं टाकलं. दुसरं टाकलं. बाईंकडं नजर वर करून एकदा नीट पाहिलं आणि तिसरंही टाकलं. घमेलं काठोकाठ भरलं. बाईंनी पदराची चुंबळ केली. एका बाजूनं नाजिमानं आणि दुसऱ्या बाजूनं दादामियाँनी घमेलं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. मानेतून कळ थेट कमरेत उतरली.

पहिल्या तीन पायऱ्यांना लोक टाळ्या वाजवत होते. पाचवीला टाळ्या विरळ झाल्या. सातवीला माइकमध्ये फक्त श्वास ऐकू येऊ लागला, तोंडानं ओढलेला, मध्येच अडकणारा. तो श्वास हडपसरच्या स्वयंपाकघरांत गेला, वाघोलीच्या हॉस्टेलांत गेला, पेन्सिली घेऊन बसलेल्या माणसांच्या कानांत गेला. आठवीला चुन्याचं पाणी कपाळावरून भुवईवर उतरलं आणि डोळा झोंबू लागला. पुसायला हात मोकळा नव्हता. नवव्या पायरीवर बाईंचा पाय लटपटला आणि कुणीतरी “आई गं” म्हणालं. हसत कुणीच नव्हतं. दहावीला बाईंना कळेना की आपण चढतोय की जिनाच वर सरकतोय.

अकराव्या पायरीवर पाऊल पुरं मावलं. बाईंनी भिंतीकडं वळून मान जराशी तिरकी केली, आणि घमेलं आपसूक दगडावर सरकलं. वाकावं लागलं नाही. बोटभरसुद्धा नाही. शंभर वर्षांमागं एका माणसानं एका बाईला उभं करून तिची उंची बघितली होती, आणि ती बाईंना आता मानेच्या हाडांत कळली. त्यांनी कपाळ भिंतीला टेकलं. रडू आलं, तेही रागाचंच होतं.

माइकमध्ये बाईंचा श्वास चालू होता. एक, दोन, तीन... दिग्विजयनं माइक दोन्ही हातांनी धरला होता. सात, आठ, नऊ, दहा.

हिंमतराव पुटपुटले, “आता उतरा, बाई. कळलं सगळ्यांना.”

तेवढ्यात खालून दादामियाँचा आवाज आला. मोठा नव्हता, पण कामावर मजुराला घालावी तशी हाक होती.

“झाले दहा, बाई. उचला आता. अजून सोळा पायऱ्या आहेत, वर गवंडी खोळंबलाय.”

बाईंनी डोळे पुसले आणि घमेल्याच्या कडांना हात घातला.